न फिरणारा रेकॉर्डर

आषाढी वारीत दिवे घाटातून पालखी वर चढत असते. पावसाची भुरभुर चालू असते. त्या गर्दीत एखादा छायाचित्रकार खांद्यावर कॅमेरा घेऊन उलट्या पावलांनी चालत असतो, आणि त्याने टिपलेले दृश्य आपण घरी बसून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहतो. चित्र इतके स्पष्ट असते की टाळकऱ्याच्या कपाळावरचा बुक्काही ओळखू येतो. विद्यार्थिमित्रांनो, हे चित्र भिंगातून कॅमेऱ्यात शिरते हे आपल्याला ठाऊक आहे. पण आत शिरल्यावर ते साठते कोठे, आणि धक्के, धूळ व ओल सोसून टिकते कसे, याचा विचार आपण क्वचितच करतो. पालखीला मागे नेऊन पुन्हा घाट चढायला लावता येत नाही. तेवढ्या क्षणी साठवण करणारे यंत्र अडखळले, तर ते दृश्य कायमचे गेलेच म्हणायचे.

हे अडखळणे टाळण्यासाठी अभियंत्यांनी ज्यात एकही भाग फिरत नाही असा रेकॉर्डर तयार केला. त्याला सॉलिड-स्टेट रेकॉर्डर म्हणतात. त्यातील सारे काम सिलिकॉनच्या स्फटिकात, इलेक्ट्रॉनांच्या हालचालींनी होते. वरवर पाहता ही गोष्ट सोपी वाटते. पण त्यासाठी एका मोठ्या प्रवाहाला अगदी लहान भांड्यात उतरवावे लागले. ते कसे, हे आता पाहू.

फितीचे राज्य

चित्र साठवण्याचे पहिले यशस्वी यंत्र अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने एप्रिल १९५६ मध्ये शिकागो येथे लोकांपुढे मांडले. त्यात दोन इंच रुंदीची चुंबकी फीत होती. ध्वनिमुद्रणात फीत एका स्थिर चुंबकी शीर्षासमोरून सरकते. चित्राचा संकेत मात्र सेकंदाला लाखो वेळा बदलतो. तो तशाच रीतीने नोंदवायचा तर फीत प्रचंड वेगाने पळवावी लागली असती आणि तिची रिळे काही मिनिटांतच संपली असती. म्हणून अभियंत्यांनी शीर्षेच फिरवली. चार शीर्षे एका चाकावर बसवून ते चाक मिनिटाला १४,४०० फेरे या वेगाने फितीला आडवे फिरवले. फीत सेकंदाला फक्त १५ इंच, म्हणजे सुमारे ३८ सेंटिमीटर सरकत होती. पण शीर्ष आणि फीत यांचा परस्परसापेक्ष वेग सेकंदाला सुमारे ३८ मीटर होता.

फिरत्या शीर्षाची ही कल्पना पुढे जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. फीत अरुंद झाली, यंत्र कपाटाएवढे होते ते कॅमेऱ्याच्या पोटात शिरले, संकेतही अंकांच्या रूपात आले. पण गाभ्यात वेगाने फिरणारा एक दंडगोल आणि त्याला घासत जाणारी नाजूक फीत हीच जोडी राहिली.

या जोडीचे तीन शत्रू आहेत. पहिला धूळ. शीर्षाच्या फटीत एक कण अडकला की चित्रावर रेघा उमटतात. दुसरा धक्का. पळताना फीत हलली की शीर्ष आपली वाट चुकते. तिसरा शत्रू आपल्या पावसाळी हवेचा खास सोबती आहे, तो म्हणजे दव. बर्फाच्या पाण्याचा पेला टेबलावर ठेवला की त्याच्या बाहेरून थेंब जमतात, हे आपण पाहिलेच असेल. वातानुकूलित खोलीतला थंड कॅमेरा दमट हवेत आणला की त्याच्या दंडगोलावरही पाण्याचा असाच पातळ थर बसतो. ओली फीत दंडगोलाला चिकटते आणि तुटूही शकते. म्हणून यंत्रात दव ओळखणारी योजना असे. दव दिसले की यंत्र स्वतःहून बंद पडे. फीत वाचे, पण दृश्य निसटून जाई.

१९९५ च्या सुमारास इकेगामी आणि अ‍ॅव्हिड या कंपन्यांनी फितीऐवजी संगणकाची चुंबकी तबकडी कॅमेऱ्याला जोडली. चित्र संगणकात नेणे सोपे झाले. पण तबकडीही फिरतच होती, आणि तिच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तिचे शीर्ष तरंगत होते. धक्क्याचे भय गेले नाही.

प्रवाह केवढा?

आता वही-पेन्सिल घ्या. व्यावसायिक उच्च-स्पष्टता चित्रात, ज्याला आपण ‘एचडी’ म्हणतो, आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. त्यांचा गुणाकार २०,७३,६०० येतो. प्रत्येक ठिपक्याची प्रखरता १० बिटांनी लिहितात. रंगाची माहिती आपला डोळा कमी बारकाईने पाहतो, म्हणून ती दोन ठिपक्यांना मिळून एकदाच घेतात. सरासरीने ती ठिपक्यामागे आणखी १० बिट होते. म्हणजे दर ठिपक्याला २० बिट लागले.

भारतात सेकंदाला २५ चित्रे दाखवण्याची पद्धत आहे. म्हणून

२०,७३,६०० × २० × २५ = १,०३,६८,००,००० बिट दर सेकंदाला.

आठ बिटांचा एक बाइट धरला, तर हे सेकंदाला सुमारे १३ कोटी बाइट, म्हणजेच १३० मेगाबाइट होतात. एका मिनिटाला सुमारे ७.८ गिगाबाइट आणि तासाला जवळजवळ ४६७ गिगाबाइट! कॅमेऱ्यातून बाहेर येणाऱ्या तारेवर याखेरीज ओळींच्या व चित्रांच्या सीमा दाखवणाऱ्या खुणा आणि ध्वनीही असतो. सारे मिळून त्या तारेवरचा ठरलेला वेग सेकंदाला १४८.५ कोटी बिट आहे.

हा प्रवाह थांबवता येत नाही. नळाखालची बादली बदलताना आपण नळ बंद करू शकतो. येथे तोटीच नाही. म्हणून रेकॉर्डर बनवणाऱ्याला दोन प्रश्न सोडवावे लागतात. भांडे पुरेसे मोठे आहे काय? आणि भांड्याचे तोंड पुरेसे रुंद आहे काय? पहिला प्रश्न चटकन लक्षात येतो. खरी अडचण दुसऱ्यात असते.

इलेक्ट्रॉनांची कोठडी

न फिरणारे भांडे म्हणजे फ्लॅश स्मृती. तिचे मूळ १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झी यांनी सुचवलेल्या एका कल्पनेत आहे. ट्रान्झिस्टरचे गेट म्हणजे त्यातील प्रवाह चालू-बंद करणारा पडदा. या गेटच्या खाली आणखी एक गेट ठेवायचे, पण ते कोणत्याही तारेला जोडायचे नाही. त्याच्या चारही बाजूंनी विद्युत्‌रोधक थर असतात, आणि त्याच्या खालचा थर सिलिकॉन डायऑक्साइडचा असतो; काच आणि वाळू ज्याची बनते तेच हे संयुग. या तरंगत्या गेटवर इलेक्ट्रॉन कोंडले की ते बाहेर पडू शकत नाहीत. वीज बंद केली तरी ते तेथेच राहतात. कोठडीत इलेक्ट्रॉन असले तर ‘०’ आणि नसले तर ‘१’ असे आपण ठरवू शकतो.

पण विद्युत्‌रोधक भिंतीतून इलेक्ट्रॉन आत घालायचे कसे? येथे पुंजभौतिकी मदतीला येते. थर केवळ ८ ते १० नॅनोमीटर जाडीचा असतो. त्याच्या दोन बाजूंमध्ये १० व्होल्टचा दाब दिला, तर विद्युत्‌क्षेत्र मीटरला १०० कोटी व्होल्ट इतके होते. हवेत ठिणगी पडायला मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात. म्हणजे हे क्षेत्र त्याच्या तीनशे पटींहून मोठे! अशा क्षेत्रात काही इलेक्ट्रॉन भिंत ओलांडून न जाता जणू तिच्यातून बोगदा काढून पलीकडे जातात. कार्डाला बाहेरून तीन-साडेतीन व्होल्टच मिळतात. लागणारा जास्त दाब चिपमधलेच एक लहानसे मंडल तयार करते.

जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली अशा असंख्य कोठड्या एकदम पुसता येतील अशी रचना जाहीर केली. झटक्यात पुसले जाणे पाहून त्यांच्या सहकाऱ्याला छायाचित्रकाराच्या फ्लॅशची आठवण झाली आणि तेच नाव पडले. १९८७ साली त्यांच्याच गटाने ‘नँड’ नावाची दुसरी रचना मांडली. तिच्यात कोठड्या माळेतील मण्यांप्रमाणे ओळीने जोडलेल्या असल्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ मावतात. चित्रमुद्रणाची कार्डे याच जातीची असतात.

भांड्याचे तोंड

फ्लॅशचा स्वभाव थोडा चमत्कारिक आहे. तिच्यात लिहायचे ते पानापानाने आणि पुसायचे ते गठ्ठ्यागठ्ठ्याने. एकच अक्षर खोडता येत नाही. २००७-०८ च्या सुमारास प्रचलित असलेली एक चिप उदाहरणादाखल घेऊ. एक पान २,०४८ बाइटांचे, ते लिहायला सुमारे २०० मायक्रोसेकंद. एका गठ्ठ्यात ६४ पाने, आणि गठ्ठा पुसायला सुमारे २ मिलिसेकंद. गठ्ठा लिहायला ६४ × २०० = १२,८०० मायक्रोसेकंद, म्हणजे १२.८ मिलिसेकंद, त्यात पुसण्याचे २ मिळवले की १४.८ झाले. एवढ्या वेळात १,३१,०७२ बाइट लिहिले गेले. भागाकार करून पाहा: सेकंदाला ९० लाख बाइटही नाहीत.

आणि प्रवाह तर १३ कोटींचा आहे! एक चिप त्यापुढे काहीच नाही.

तोड मात्र साधी आहे. एका नळाखाली एक बादली पुरत नसेल तर पंधरा बादल्या ओळीने मांडाव्यात. पहिल्या चिपला एक पान द्यायचे. ती लिहीत असताना दुसरे पान दुसऱ्या चिपला, तिसरे तिसऱ्या चिपला. शेवटच्या चिपपर्यंत पोचेतो पहिली मोकळी झालेली असते. पॅनासॉनिक कंपनीने २००४ साली आणलेल्या ‘पी-टू’ कार्डात हेच तत्त्व होते. त्या कार्डाच्या आत चार एसडी कार्डे एकाच वेळी काम करीत.

तरीही एक धोका उरतो. मधेच एखादा गठ्ठा खराब निघतो आणि कार्डाला त्याच्याऐवजी दुसरा शोधावा लागतो. तेवढा वेळ कार्ड घेत नाही, पण प्रवाह चालूच असतो. म्हणून वाटेत एक हौद ठेवतात. हा हौद म्हणजे नेहमीची वेगवान स्मृती. संकुचित केलेला प्रवाह सेकंदाला १२.५ मेगाबाइट असेल आणि कार्ड अर्धा सेकंद थांबले, तर हौदात निदान ६.२५ मेगाबाइट मावले पाहिजेत. कार्ड पुन्हा चालू झाले की ते येणाऱ्या प्रवाहापेक्षा जास्त वेगाने लिहून हौद रिकामा करते. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. कार्डावर छापलेला सर्वांत मोठा वेग येथे फारसा कामाचा नाही. ते सर्वांत वाईट क्षणी किती सावकाश चालते, हे महत्त्वाचे.

पुराला बांध

१३ कोटींचा प्रवाह लहान केल्याखेरीज यंत्र खांद्यावर येणार नव्हते. २००४ साली पी-टू कार्डे २ व ४ गिगाबाइटची होती. मूळ प्रवाह तसाच ठेवला तर ४ गिगाबाइट अर्ध्या मिनिटात भरले असते.

चित्र संकुचित करण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली एकाच चित्रातली. निळ्या आकाशाचे हजारो ठिपके जवळजवळ सारखेच असतात. प्रत्येकाची स्वतंत्र नोंद कशाला? चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन करून त्यातील चढउतार कोज्या-लहरींच्या बेरजेत मांडतात. त्रिकोणमितीत शिकलेली कोज्या ती हीच. ज्या लहरी डोळ्याला फारशा जाणवत नाहीत त्या ढोबळपणे लिहितात किंवा सोडून देतात. ही गणिती रीत १९७४ साली नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी प्रसिद्ध केली. त्यांपैकी नासिर अहमद यांचा जन्म बंगळूरचा.

दुसरी वाट एकामागून एक येणाऱ्या चित्रांमधली. एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात घाट हलत नाही, माणसे जराशी हलतात. म्हणून अधूनमधून एक पूर्ण चित्र लिहायचे आणि मधल्या चित्रांचा फक्त फरक लिहायचा. बचत मोठी होते. पण पूर्ण चित्रात चूक झाली तर त्यावर आधारलेली पुढची सारी चित्रे बिघडतात. पाणी, पाने, धावती गर्दी यांसारख्या दृश्यांत फरकच इतका असतो की बचत घटते आणि चित्रात चौकोन दिसू लागतात.

प्रवाह किती कमी करायचा हा कंजूषपणाचा नव्हे, विवेकाचा प्रश्न आहे. सेकंदाला १० कोटी बिट ठेवले तर मूळच्या सुमारे दहाव्या हिश्शात काम भागते आणि पुढील संपादनात रंग सुधारायलाही वाव राहतो. ४ गिगाबाइटच्या कार्डावर मग सुमारे पाच मिनिटे मावतात, ३२ गिगाबाइटच्या कार्डावर सुमारे ४२ मिनिटे.

तळहातावरची पेटी

२००७ च्या सुमारास एक विसंगती अभियंत्यांच्या ध्यानात आली. कॅमेऱ्यांची भिंगे व संवेदक पुष्कळ सुधारले होते. पण आतले मुद्रण काटकसरीने होई. छोट्या कॅमेऱ्यांत सेकंदाला २.५ किंवा ३.५ कोटी बिटच लिहिले जात. त्याच कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या तारेतून मात्र पूर्ण दर्जाचे चित्र बाहेर येत होते. मग त्या तारेलाच एक लहान रेकॉर्डर का जोडू नये?

अमेरिकेतील कन्व्हर्जंट डिझाइन या छोट्या कंपनीने २००८ साली ‘फ्लॅश एक्सडीआर’ आणि २००९ साली ‘नॅनोफ्लॅश’ हे रेकॉर्डर बाजारात आणले. दुसरा तर तळहातावर मावेल एवढाच. स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यात घालतात ती साधी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डे त्यात चालत आणि सेकंदाला २८ कोटी बिटांपर्यंत मुद्रण होई. दोन कार्डांची सोय असल्याने एक भरले की मुद्रण न थांबता दुसऱ्यावर जाई. वीज सुमारे सहा वॅट, म्हणजे घरातल्या साध्या एलईडी दिव्यापेक्षाही कमी.

पेटी लहान करताना उष्णतेचा प्रश्न येतो. चित्र संकुचित करणारी चिप तापते. पंखा लावावा तर त्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरते, धूळ आत ओढली जाते, आणि फिरणारा भाग पुन्हा आलाच. म्हणून धातूचे कवचच उष्णता बाहेर टाकण्यासाठी वापरतात.

दुसरा प्रश्न झिजेचा. इलेक्ट्रॉन भिंतीतून गेले की भिंत थोडी थोडी खराब होते. कोठडीत एकच बिट ठेवणारी चिप सुमारे एक लाख वेळा पुसून लिहिता येते. रोज चार वेळा कार्ड भरले तरी ही मर्यादा गाठायला अडुसष्ट वर्षे लागतील. मग चिंता कसली? चिंता सूचीची. कोणते चित्र कोठे आहे याची सूची कार्डावर लिहावी लागते. बॅटरी अचानक निसटली तर सारेच हरवू नये म्हणून ती मुद्रण चालू असतानाच वारंवार लिहितात. दर सेकंदाला ती एकाच जागी लिहिली, तर एक लाख वेळा लिहायला अठ्ठावीस तासही लागत नाहीत! म्हणून कार्डातली नियंत्रक चिप दर वेळी जागा बदलते आणि झीज साऱ्या गठ्ठ्यांत वाटून देते. शिवाय प्रत्येक पानासोबत काही जादा बिट लिहून चुका ओळखण्याची व सुधारण्याची सोय असते.

कॅमेरा आणि साठवण वेगळी केली की काय साधते, हे मुंबईने पाहिले आहे. २००८ सालच्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’ या चित्रपटाचा बराच भाग अशा कॅमेऱ्याने घेतला की ज्याचे डोके हातात धरता येई आणि चित्र साठवणारा संगणक पाठीवरच्या पिशवीत असे. धारावीच्या अरुंद गल्ल्यांत मोठा कॅमेरा शिरलाच नसता. त्या छायाचित्रणाला २००९ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले.

पाटी आणि वही

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप व त्सुनामी झाली. सेंदाईजवळचा सोनी कंपनीचा फितींचा कारखाना पाण्याखाली गेला आणि उच्च दर्जाच्या चित्रफितींची जगभर टंचाई पडली. अनेकांनी त्या वेळी नाइलाजाने कार्डे स्वीकारली, आणि पुन्हा फितीकडे वळले नाहीत.

पण फितीबरोबर एक चांगली सवयही गेली. मुद्रण झालेली फीत लेबल लावून कपाटात ठेवली जाई. ती वहीसारखी होती. कार्ड महाग असते आणि पुन्हा वापरायचे असते; ते पाटीसारखे आहे. काम झाले की पुसायचे. पुसण्यापूर्वी चित्र दुसरीकडे उतरवले नाही तर ते संपले. कार्ड तसेच जपून ठेवले तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे हळूहळू झिरपत असतात. झिजलेल्या कार्डात अधिक लवकर. म्हणून ज्यांच्यासाठी चित्र मोलाचे आहे ते संपादनापूर्वीच त्याच्या निदान दोन प्रती वेगवेगळ्या साधनांवर करतात, त्या उघडून तपासतात, आणि मगच कार्ड पुसतात.

फीत होती म्हणजे सारे जपले गेले, असेही नाही. १९६९ साली अपोलो-११ च्या चांद्रवीरांची जी मूळ दूरचित्रे पृथ्वीवरच्या केंद्रांत फितींवर नोंदली गेली, त्या फिती पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ साली काढला. सुदैवाने प्रक्षेपित झालेल्या चित्रांच्या प्रती इतरत्र होत्या. रेकॉर्डर चित्र पकडून देतो. ते जपायचे की नाही, हे माणसाने ठरवायचे असते.

करून पाहा

घरातील मोठ्यांच्या परवानगीने मोबाइलवर एक मिनिटाची दोन चित्रणे घ्या. एक स्थिर भिंतीचे, दुसरे वाऱ्याने हलणाऱ्या झाडाचे. दोन्ही वेळा फोन टेकवून ठेवा. प्रत्येक फाइल किती मेगाबाइटची झाली ते पाहा, त्याला ६० ने भागून ८ ने गुणा. सेकंदाला किती मेगाबिट ते मिळेल. वर काढलेल्या मूळ प्रवाहाच्या तो कितवा हिस्सा येतो? भिंत आणि झाड यांत फरक पडला काय? पडला असेल तर का, आणि नसेल तर झाडाच्या चित्रात कोठे कसर राहिली आहे, हे पडद्यावर बारकाईने पाहून वर्गात सांगा.